दहा तोंडे आणि एक कपाळ

अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्यात सांगोळा हे गाव आहे. दसऱ्याला देशभर रावणाचे पुतळे जळत असताना या गावात रावणाची पूजा होते. गावात त्याची काळ्या दगडाची, दहा तोंडांची मूर्ती आहे. गावकरी सांगतात ती कथा अशी : पूर्वी येथे एक तपस्वी राहत असे. त्याच्या पश्चात गावाने मूर्तिकाराला त्याची मूर्ती घडवायला सांगितली आणि मूर्तिकाराच्या हातून घडली ती दशाननाची. गावाने ती परत पाठवली नाही.

या कथेतला मूर्तिकार खरा की काल्पनिक, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्याच्यापुढची अडचण मात्र खरी होती. दहा ही समसंख्या आहे. मुख्य तोंड मधोमध घेतले की उरतात नऊ, आणि नऊ तोंडे दोन बाजूंना सारखी वाटता येत नाहीत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. भारतभरच्या शिल्पकारांनी आणि चित्रकारांनी या पेचातून आपापल्या परीने वाट काढली. वेरूळच्या कैलास लेण्यात पर्वत हलवणारा रावण पाहा : अनेक हात आणि अनेक मस्तके एकाच देहाभोवती अशी रचली आहेत की त्यांची मोजदाद करण्याचे भानच पाहणाऱ्याला राहत नाही. दगडाची एक सोय असते. त्याला बोलायचे नसते, रडायचे नसते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रंगभूषेच्या खुर्चीत बसायचे नसते.

हा धागा मूर्तिशास्त्राचा नाही. तो आहे दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांमधल्या परग्रहवासीयांचा : ते जसे दिसतात तसे का दिसतात, आणि एकाच जमातीचे लोक दर वीस वर्षांनी वेगळे का दिसू लागतात. तरी सुरुवात सांगोळ्यापासून करण्याला कारण आहे. माणसाहून वेगळा असलेला जीव माणसाला दाखवायचा कसा, हा प्रश्न मूर्तिकाराला पडला तोच दूरचित्रवाणीच्या रंगभूषाकारालाही पडला. उत्तरे मात्र फार वेगळी निघाली.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. जीन रॉडनबेरी या निर्मात्याच्या मनात स्पॉक या परग्रहवासी अधिकाऱ्याची कातडी तांबूस असावी असे होते. तो विचार सोडून द्यावा लागला, आणि त्याचे कारण कथेत नव्हते, दिवाणखान्यात होते. अनेक घरांत तेव्हा कृष्णधवल संच होते. त्यांवर तांबडा रंग काळा दिसला असता. म्हणून स्पॉकच्या वाट्याला फिकट पिवळसर छटा, वर चढत जाणाऱ्या भुवया आणि टोकदार कान आले. या कानांचीही वाहिनीला धास्ती होती. प्रेक्षकांना त्यात सैतान दिसेल या भीतीने जाहिरातपत्रिकेतल्या छायाचित्रात लेनर्ड निमॉय यांचे कान आणि भुवया चक्क गोल करून छापल्या गेल्या. पुढे त्याच कानांनी मालिका तगवली, ही गोष्ट वेगळी.

या तपशिलाला आपल्याकडे एक पुरवणी आहे. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले आणि जिल्ह्याच्या गावांत, कसब्यांत दूरदर्शन पोहोचले. त्याच दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनने ‘स्टार ट्रेक’ दाखवली. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले होते खरे, पण घरोघरचे संच बहुतांशी कृष्णधवलच होते. वऱ्हाडातल्या एखाद्या घरात गच्चीवर एकजण अँटेना फिरवतो आहे, खालून दुसरा ‘आलं, आलं... गेलं’ असे ओरडतो आहे, आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून मधूनच एक लांब चेहरा वर येतो आहे. अशा संचावर परग्रहाचे हिरवे, निळे, पिवळे सारे रंग करडे होत. शिल्लक राहत तो आकार : कानाचे टोक, भुवईचा कल. अमेरिकी रंगभूषाकाराने आपल्या कृष्णधवल प्रेक्षकासाठी घेतलेली खबरदारी वीस वर्षांनी वऱ्हाडातल्या प्रेक्षकाच्या अशी कामी आली.

आकारालाही पैसे पडतात. १९६६ च्या डिसेंबरात ‘स्टार ट्रेक’मध्ये रोम्युलन ही जमात अवतरली. कथेनुसार ते स्पॉकच्या जमातीचेच दूरचे भाऊबंद, म्हणजे त्यांनाही टोकदार कान हवेत. पण प्रत्येक कानाची जोडी नटाच्या कानावर बेतून घडवावी लागे, चिकटवायला वेळ लागे, आणि साप्ताहिक मालिकेकडे वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे. मग काय केले? प्रमुख दोघा-तिघांना कान दिले आणि उरलेल्या सैनिकांच्या डोक्यांवर कान झाकणारी शिरस्त्राणे चढवली. प्रेक्षकाला वाटले, ही रोमन धाटणीची लष्करी संस्कृती आहे. ती हिशेबाच्या वहीत जन्मली होती.

या एका शिरस्त्राणात दूरचित्रवाणीच्या परग्रहवासीयांचे निम्मे शास्त्र सामावले आहे. आठवड्याला एक भाग द्यायचा. नटाला संवाद म्हणता आले पाहिजेत. आणि दूरचित्रवाणीचा पडदा लहान, म्हणून कॅमेरा सतत चेहऱ्याजवळ. डोळे, ओठ आणि गाल यांना हात लावला तर अभिनय संपतो. मोकळी उरते ती एकच जागा : कपाळ, फार तर नाकाचे हाड आणि कान. म्हणून या मालिकांतली अर्धी आकाशगंगा कपाळावर वसलेली आहे. कोणाच्या कपाळावर वळ्या, कोणाच्या नाकावर सुरकुत्या, कोणाला शिंगे. गळ्याखाली मात्र सारे दोन हातांचे, दोन पायांचे आणि बऱ्यापैकी शिवलेल्या कपड्यांतले. याची टिंगल पुष्कळ झाली. १९९३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या लेखकांनी ‘द चेस’ या भागात त्याला कथेतलेच कारण पुरवले : अतिप्राचीन काळी एका जमातीने अनेक ग्रहांवर आपले बीज पेरले, म्हणून सगळे एकमेकांसारखे. खर्चाच्या मर्यादेला पुराणकथा मिळाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता क्लिंगॉन. हा या विषयातला सर्वांत श्रीमंत अध्याय आहे आणि थोडा अवघडही.

२३ मार्च १९६७ रोजी प्रसारित झालेल्या ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागात क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातले शीतयुद्ध आणि व्हिएतनामचे युद्ध दोन्ही चालू असतानाचा हा काळ. दोन महासत्ता एका गरीब, शांत ग्रहावर ताबा मिळवण्यासाठी झगडतात ही त्या भागाची कथा, आणि क्लिंगॉन कोणाच्या जागी उभे होते हे सांगायची गरज नव्हती. क्लिंगॉन सेनापतीची भूमिका जॉन कॉलिकोस या नटाकडे होती. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांच्यापुढे कोणतेही तयार चित्र नव्हते. कॉलिकोस यांनी चंगीझ खानाचे नाव सुचवले. त्यातून तेलकट गडद तपकिरी चेहरा, लोंबत्या मिशा आणि तिरप्या जाड भुवया सिद्ध झाल्या. रबराचा एकही तुकडा न लागता परग्रहवासी तयार झाला. खर्च : रंगाची डबी आणि थोडे केस.

म्हणजे ‘परका’ दाखवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती कोणती, तर पृथ्वीवरचाच दुसऱ्या खंडातला माणूस घ्यायचा आणि त्याचा रंग गडद करायचा. एका वर्षाच्या आतच आलेल्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या विनोदी भागात क्लिंगॉन कितीतरी उजळ आहेत. दोन्हींत ते शत्रूच आहेत, पण पहिल्यांदा भीती वाटायला हवी होती आणि दुसऱ्यांदा हसू यायला हवे होते. रंगाची मात्रा त्या हिशेबाने बदलली, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९७९ मध्ये ‘स्टार ट्रेक’वर चित्रपट निघाला. आता अंदाजपत्रक चित्रपटाचे होते आणि पडदा मोठा होता. क्लिंगॉनांच्या कपाळावर अचानक हाडांचा कणा उगवला. १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका आली, तेव्हा रंगभूषाकार मायकल वेस्टमोर यांनी डायनासोरांच्या मणक्यांच्या आकारावरून निरनिराळ्या घराण्यांच्या क्लिंगॉनांसाठी निरनिराळी कपाळे घडवली. मायकल डॉर्न या नटाने वॉर्फ हा क्लिंगॉन अधिकारी रंगवला. त्यासाठी चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी त्यांना काही तास खुर्चीत बसावे लागे. आणि आता क्लिंगॉन शत्रू राहिलेले नव्हते. शीतयुद्ध ओसरत होते. वॉर्फ नायकांच्याच जहाजावर होता. त्याचे सन्मानाचे नियम, भाषा, अंत्यविधी, गाणी यांवर भागांमागून भाग लिहिले गेले. म्हणजे चेहरा माणसापासून जितका दूर गेला, तितकी व्यक्तिरेखा माणसाच्या जवळ आली. १९६७ च्या क्लिंगॉनांचे उलटे होते. चेहरा माणसाचाच, आणि माणूसपण बेताचे.

पण कपाळांचा हिशेब जुळेना. एकाच जमातीचे लोक शंभर वर्षांपूर्वी सपाट कपाळाचे होते, हे कसे? बरीच वर्षे उत्तर होते मौन. १९९६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ला तीस वर्षे झाली. त्या निमित्ताने ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेने १९६७ च्या ट्रिबल्सच्या भागातली जुनी दृश्ये आणि नवे नट संगणकाच्या मदतीने एकत्र आणले. कणा असलेला वॉर्फ आणि सपाट कपाळाचे त्याचे पूर्वज प्रथमच एका खोलीत आले. सहकारी चकित होऊन विचारतात, आणि वॉर्फ एवढेच सांगतो की ही गोष्ट आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. मालिकेने स्वतःवर केलेला हा विनोद इतका नेमका होता की प्रकरण तेथेच मिटायला हरकत नव्हती.

ते मिटले नाही. २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ या मालिकेने सलग दोन भाग खर्चून खुलासा केला : क्लिंगॉनांनी मानवी जनुके वापरून बलाढ्य सैनिक घडवण्याचा प्रयोग केला, तो फसला, साथ पसरली आणि त्यात कपाळे सपाट झाली. रंगभूषेच्या डबीला विषाणूचे रूप आले. पुढे २०१७ च्या ‘डिस्कव्हरी’त क्लिंगॉन पुन्हा बदलले : केसविरहित, लांबोळक्या कवटीचे, जड रबराखाली शब्द कष्टाने उच्चारणारे. प्रेक्षक चिडले. पुढच्या पर्वात केस परत आले, आणि युद्धकाळात ते मुंडण करतात असे कारण मिळाले. रागावलेल्या चाहत्यांची बाजू अगदीच पोरकट नव्हती. तीस वर्षे ज्याची ओळख जपली, त्याचा चेहरा नव्या मालकाने पुसावा याचा तो राग होता. मराठी वाचकाला हा राग अनोळखी नसावा; ऐतिहासिक मालिकेतल्या पगडीच्या आकारावरून आपल्याकडे काय होते ते सर्वांनी पाहिले आहे.

ट्रिल या जमातीची गोष्ट छोटी, पण बोलकी. १९९१ मध्ये ती प्रथम दिसली तेव्हा तिच्या लोकांच्या कपाळावर आणि नाकावर रबरी उंचवटा होता. १९९३ च्या ‘डीप स्पेस नाइन’मध्ये टेरी फॅरेल या अभिनेत्रीकडे ट्रिल स्त्रीची भूमिका आली. चाचणीत तो उंचवटा तिच्या चेहऱ्याला शोभेना. मग तो काढून टाकला आणि त्याऐवजी कपाळापासून मानेवरून खाली उतरणारे तपकिरी ठिपके रंगवले. ही कल्पना वेस्टमोर यांनी आधीच्या मालिकेत फॅम्के यान्सन या अभिनेत्रीसाठी वापरलेलीच होती. जमातीची संपूर्ण शरीररचना एका अभिनेत्रीच्या सौंदर्यासाठी बदलली, आणि या वेळी कोणी विषाणूचा शोध घेतला नाही.

हे वाचून पाश्चात्त्यांच्या व्यापारी वृत्तीवर हसण्याआधी रामानंद सागर यांची ‘रामायण’ आठवावी. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी ती लागे, आणि तिचे चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातेतल्या उमरगाव येथे झाले. त्या मालिकेत हनुमान, सुग्रीव, वाली, अंगद या सर्वांना पुढे आलेले वानरमुख आहे. आणि वालीची पत्नी तारा? सुग्रीवाची रुमा? त्या दागिने घातलेल्या, सर्वस्वी मानवी चेहऱ्याच्या स्त्रिया आहेत. किष्किंधेत पुरुष एका जमातीचे आणि बायका दुसऱ्या जमातीच्या, असे दृश्य देशाने दीड वर्ष पाहिले आणि कोणाला खटकले नाही. ट्रिलचा उंचवटा ज्या कारणाने गेला, त्याच कारणाने तारेचे वानरमुख आलेच नाही. शोकाचा प्रसंग अभिनेत्रीच्या उघड्या चेहऱ्यावर घडायला हवा होता, हेही तितकेच खरे.

रावणाचेही पाहा. अरविंद त्रिवेदी यांचा रावण बहुतेक सर्व प्रसंगांत एकमुखी आहे. दहा तोंडे मोजक्या क्षणी, युद्धाच्या ऐन भरात, तंत्राच्या साहाय्याने दिसतात. सांगोळ्याच्या मूर्तिकाराने जे सहज केले, ते दूरचित्रवाणीला परवडणारे नव्हते; केवळ पैशाने नव्हे, अभिनयानेही. दहा तोंडांपैकी कोणत्या तोंडाने मंदोदरीकडे पाहायचे? मुद्रेला जवळून टिपणाऱ्या माध्यमाने दशाननाला एकानन केले आणि त्यातूनच त्या रावणाला इतके माणूसपण आले की त्रिवेदी पुढे लोकसभेवर निवडून गेले.

माणसाचा आकार साफ सोडून देणारेही झाले. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. मालिकेत बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, अशी सिडनी न्यूमन यांची ताकीद होती. महिन्याभरातच डॅलेक आले. लेखक टेरी नेशन यांची अट होती की आत माणूस आहे हे कळता कामा नये, म्हणून पाय दिसू नयेत. रेमंड क्युसिक या बीबीसीच्या पगारी कलाकाराने तळाशी रुंद, वर निमुळते, जमिनीवरून सरकणारे लोखंडी वाटणारे कवच आखले. ब्रिटनभरची मुले डॅलेकच्या खेळण्यांवर तुटून पडली. हक्कांतला वाटा नेशन यांना मिळाला. क्युसिक नोकरीत असल्याने त्यांना किरकोळ बक्षिसी मिळाली. आपल्याकडच्या मखरांवर आणि देखाव्यांवरही कारागिराचे नाव नसते.

१९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’मध्ये दगड खाणारा, खडकासारखा दिसणारा हॉर्टा आला. यानोश प्रोहास्का या कसरतपटूने तो पोशाख स्वतः बनवला आणि त्यात शिरून निर्मात्यांसमोर सरपटून दाखवला. तेव्हा त्याभोवती कथा लिहिली गेली. त्या कथेत खाणकामगारांना मारणारा हा राक्षस आपल्या अंड्यांचे रक्षण करणारी आई निघतो. चेहराच नसलेल्या प्राण्याने त्या मालिकेतली सर्वांत हळवी कथा मिळवली.

आणि मुळात दिसूच न देणे, हाही एक मार्ग होता. तो मराठी वाचकाच्या ओळखीच्या घरातून गेला आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीत परग्रहावरील बुद्धी म्हणून वायूचा एक अवाढव्य ढग कल्पिला. कादंबरीला ढगाची रंगभूषा करावी लागत नाही. पण १९६१ मध्ये हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ लिहिली, तेव्हा परग्रहवासी आले ते रेडिओसंदेशाच्या रूपात. त्या संदेशावरून यंत्र उभे राहते आणि ते यंत्र एका तरुणीचा देह घडवते. ती भूमिका ज्युली ख्रिस्ती यांची. लेखक तोच, दूरचित्रवाणीवर आल्यावर ढगाला माणसाचा चेहरा घ्यावा लागला. केंब्रिजला याच हॉइल यांचे विद्यार्थी होते जयंत नारळीकर. त्यांच्या ‘प्रेषित’ या कादंबरीतला परग्रहावरून आलेला मुलगाही माणसांत मिसळून जाईल असाच आहे. तेथे मात्र कारण खर्चाचे नाही. तो आपल्यासारखा दिसतो, म्हणूनच तो कोणाचा हा प्रश्न टोचतो.

दूरदर्शनने स्वतः केलेल्या विज्ञानमालिका मोजक्याच. १९८९ च्या सुमारास ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ आल्या. दुसरीतला जखाकू हा खलनायक त्या पिढीच्या स्मरणात अजून आहे. १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. दादरमध्ये वाढलेले मिलिंद सोमण त्यात व्योम होते. अवकाशयाने संगणकावर घडवली गेली, पण पात्रांचे परकेपण मुख्यतः पोशाख, केस आणि चेहऱ्यावरचा रंग यांवरच उभे होते. रबराची कपाळे घडवणारी कार्यशाळा आपल्याकडे नव्हती, आणि पौराणिक मालिकांचे मुकुट, मिशा, दागिने घडवणारी परंपरा मात्र हाताशी होती. अवकाशातला खलनायक त्यामुळे दरबारातून उठून आल्यासारखा दिसे. यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या प्रेक्षकाला ती लिपी वाचता येत होती. गावात रायरंद येई तेव्हा एक काठी, एक टोपी आणि आवाजाचा एक ढंग एवढ्यावर पूर्ण सोंग उभे राही. २००३ मध्ये ‘कोई मिल गया’ चित्रपटातला जादू आला, तो पुढे वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवर दिसत राहिला. त्याचा पोशाख ऑस्ट्रेलियाच्या जेम्स कॉल्मर यांनी घडवला आणि आत होते इंद्रवदन पुरोहित. मोठे डोळे पश्चिमेकडून आले असतील. पण निळी काया पाहून बुजण्याचे भारतीय मुलाला कारणच नव्हते.

आता त्या लिपीची अवघड बाजू. पौराणिक मालिकांत असुर ओळखायचा कशावरून? काळवंडलेला वर्ण, पसरलेले केस, सुळे, गडगडाटी हसू. चंगीझ खानाच्या मिशांचे क्लिंगॉन आणि हे असुर एकाच पेटीतल्या रंगांनी रंगले आहेत. फरक इतकाच की मंगोलियातले लोक १९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ पाहत नव्हते. वऱ्हाडात मात्र पडद्यावरचा ‘परका’ आणि त्याला आपला मानणारा माणूस एकाच जिल्ह्यात राहतो.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कोरकू राहतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदलेली आहे. त्या कथेत विंध्य-सातपुड्याची राने ओस पडलेली पाहून एकाला वाईट वाटते आणि तो महादेवाकडे येथे माणसे वसवण्याची विनवणी करतो. तो विनवणारा रावण आहे. महादेव एका कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवतो, त्या मातीची स्त्री-पुरुषाची बाहुली घडवतो. इंद्राचे घोडे ती तुडवतात, म्हणून राखणीला कुत्रा घडवतो. आणि शेवटी मूला व मूलाई यांच्यात प्राण फुंकतो. म्हणजे या कथेपुरता रावण नसता, तर सातपुड्यात माणूसच नसता. फाल्गुनात मेळघाटात मेघनाथाची जत्रा भरते, ती त्याच्या मुलाच्या नावाने.

१९८७ च्या रविवारी याच रानाच्या पायथ्याशी कोणी तो काळवंडलेला, सुळ्यांचा असुरसमूह पडद्यावर पाहत असेल, तर त्याने त्यात कोणाला पाहिले? रंगभूषाकाराच्या खोलीत हा प्रश्न निघत नाही. तेथे पहाटे पाच वाजता चाळीस सैनिक रंगवायचे असतात आणि डबीत काळा रंग उरलेला असतो. क्लिंगॉनांना वॉर्फ मिळायला वीस वर्षे लागली : नाव, घर, वडिलांविषयीचे दुःख असलेला एक जण, ज्याच्यामुळे मागचे सारे चेहरे पुन्हा पाहावे लागले. पौराणिक मालिकांतल्या निनावी असुरांच्या वाट्याला असा कोणी अजून आलेला नाही. रावणाला त्रिवेदी लाभले, पण ते एकट्या रावणाला. त्याच्यामागे भाले घेऊन उभे असलेले तसेच राहिले.

सांगोळ्याच्या मूर्तीला मात्र यातले काही करावे लागले नाही. तिची दहाही तोंडे जागच्या जागी आहेत. दसऱ्याच्या संध्याकाळी आसपासच्या शहरांत कागद-बांबूचा दशानन पेटतो, फटाके फुटतात. त्याच दिवशी या गावात दगडाच्या दशाननाची पूजा होते, आणि तेथे पुतळा जाळण्याची पद्धत नाही.